दुकानाचा इतिहास लिहिताय? आधी नोकरांना भेटा

आजोबांच्या किराणा दुकानाचा इतिहास लिहायला घेतलात, फार बरं केलंत. सुरुवातीला एवढंच सांभाळा.

१. माणसं आधी, वह्या नंतर. आमच्या दुकानाचं लिहिताना मी वर्षभर काका-आत्यांशीच बोलत राहिलो. तोवर आमच्याकडे चाळीस वर्षं पुड्या बांधणारे मामा गेले. ती चूक अजून सलते. आणि नुसतं "आठवणी सांगा" म्हणू नका, हातात काहीतरी द्या. धान्य निवडायला येणाऱ्या एका आजींपुढे मी सुपात तांदूळ ठेवले. खडे बाजूला सारत त्या तासभर बोलल्या. मजुरी किती, उचल कधी मिळायची, लेकरू कुठे निजवायचं, सगळं त्यात आलं.

२. वह्यांत रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, पहिली उघडा. पगार, हमाली, दिवाळीची बक्षिसी तिथेच सापडते. अक्षर मोडी असेल तर रद्दीत टाकू नका, जाणकाराला दाखवा.

३. आकडे आहेत तसे उतरवा. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नये पैसे झाले, त्याआधी १६ आणे. शेर-मण जाऊन किलो आला तो त्यानंतरच्या काही वर्षांत. 'चार आण्यां'चे तुम्ही 'पंचवीस पैसे' केलेत, की पानाचा काळ ओळखायची खूण गेली.

हमालांसाठीचा १९६९ चा माथाडी कायदा, बाजार समित्या हे सगळं पुढे बघू. या रविवारी फक्त सर्वांत वयस्कर नोकराचं घर गाठा.