पावसात भिजलेली, डोळेही न उघडलेली कुत्र्याची तीन पिल्लं सापडली आहेत. कशी जगवू, आणि घरं कधी शोधू?

आई आसपास आहे का ते आधी बघा, तिच्याइतकं चांगलं कुणीच सांभाळणार नाही. नसेलच, तर आधी ऊब, मग दूध. डोळे मिटलेले म्हणजे पिल्लं साधारण दोन आठवड्यांच्या आतली. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, उकडलं तर ती सरकतात.

गाईचं दूध नको, जुलाब लागतात. पिल्लांची दूध पावडर आणा, दर २-३ तासांनी पाजा, रात्रीसुद्धा. पाजताना पिल्लू पालथंच हवं. बाळासारखं उताणं धरलं की दूध फुफ्फुसात जातं. शेल्टरमध्ये या एका चुकीने गेलेली पिल्लं मी पाहिली आहेत. नंतर कोमट ओल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसा, त्याशिवाय त्यांना शी-शू होत नाही. पोट भरलं की पिल्लू तिथंच झोपतं, नाकावर दुधाचा थेंब तसाच.

आठ आठवड्यांआधी कुणालाही देऊ नका. तोवर जंताचं औषध आणि पहिली लस व्हायला हवी. घर बघताना घरमालकाची परवानगी आहे का, दिवसभर घरी कोण असतं, नसबंदी करणार का, हे स्पष्ट विचारा. वाढदिवसाची भेट म्हणून मागणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते.