वर्गात बोलतं कोण? शिक्षकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मुलांच्या घरची भाषा, घरचे अनुभव, घरच्या रीती धरून शिकवायचं या विषयावर शिक्षकांची बरीच पत्रं आलीत, मेल पण आलेत. सगळी छापता येत नाहीत, जिथे माणूस खरंच अडलेला दिसला ती निवडलीत. काही पत्रं लांबलचक होती, थोडी कापलीत, राग मानू नका.

प्रश्न: ताई, मध्यंतरी आमचं एक ट्रेनिंग झालं, विविधतेचा आदर वगैरे. मी उत्साहाने भिंतभर तक्ते लावले, कोणाचे कोणते सण, कोणते कपडे, कोणती गाणी, मुलांना मजा आली. पण महिन्याभराने बघते तर सगळं जिथल्या तिथे. तीच चार-पाच मुलं हात वर करतात आणि ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला ती गप्पच, विचारलं की खाली बघतात. नेमकं अडतंय कुठे? – समाजशास्त्राची एक शिक्षिका

उत्तर: तक्ते राहू द्या, त्यांनी काही बिघडत नाही. पण तुमच्या वर्गात बोलायची जी रीत आहे ती काही तक्त्यांनी हललेली नाही. म्हणजे बघा, बाई प्रश्न विचारणार, एकाने हात वर करून सगळ्यांदेखत एकट्याने उत्तर द्यायचं, मग बाई बरोबर की चूक ते सांगणार. आपण स्वतः असंच शिकलो त्यामुळे ही एक ठरावीक रीत आहे हेच आपल्या लक्षात येत नाही, आपल्याला वाटतं वर्ग म्हटला की असाच असतो.

सुझन फिलिप्स नावाच्या अभ्यासक अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथल्या आदिवासी मुलांच्या वर्गात जाऊन बसल्या, त्यांचं काम १९८३ साली पुस्तकरूपात आलं. ही मुलं सगळ्या वर्गासमोर तोंड उघडायची नाहीत. शिक्षकांना वाटायचं लाजाळू आहेत, नाहीतर येतच नसेल. पण तीच मुलं छोट्या गटात स्वतःचं स्वतः काम करायला लागली किंवा शिक्षकाशी एकेकटी बोलायला लागली की बरोब्बर बोलायची. कारण त्यांच्या घरी शिकायची पद्धतच अशी की मोठ्यांचं नीट बघायचं, मग आपलं आपण गुपचूप करून बघायचं, जमलं की मग दाखवायचं. चारचौघांत चुकत चुकत शिकायचं हे त्यांना माहीतच नव्हतं.

आता याच्या अगदी उलट हवाईमध्ये. तिथे १९७० च्या दशकात मूळ हवाईयन मुलांसाठी वाचनाचा एक कार्यक्रम सुरू झाला. ही मुलं घरी गोष्ट सांगताना एकमेकांच्या बोलण्यात घुसून, मिळून सांगतात, एकाचं वाक्य दुसरा पुरं करतो. आणि शाळेत बाई सारख्या ओरडायच्या, एका वेळी एकच! मग तिथल्या शिक्षिकांनी वाचनाच्या तासाला हे असं मिळून बोलणं चालू दिलं, धड्याच्या अर्थावर मुलं एकमेकांच्या बोलण्यात भर घालत बोलायला लागली आणि वाचन सुधारलं. या कार्यक्रमातल्या अभ्यासक कॅथरिन ऑ यांनी यावर बरंच लिहिलंय. पण माझ्या मते खरी गंमत पुढे आहे. तोच कार्यक्रम ॲरिझोनात रफ रॉक इथल्या नवाहो या आदिवासी जमातीच्या मुलांसाठी नेला तर तो जसाच्या तसा चालेना. हवाईत मुलगे-मुली मिळून चार-पाच जणांचा गट झकास चालायचा, इथे दोन-तीन जणांचे, मुलग्यांचे वेगळे आणि मुलींचे वेगळे असे गट केल्यावर गाडी चालू लागली. म्हणून मला कोणी 'ताई, एक रेडीमेड फॉरमॅट द्या ना' म्हणालं की मी हीच गोष्ट सांगते.

तेव्हा तुमच्या वर्गात काय चालेल हे तुम्हालाच बघावं लागणार. बसण्याचा नकाशा कागदावर काढा, एखाद्या सहशिक्षिकेला मागे बसवा, तुम्ही ज्याला प्रश्न विचाराल त्याच्या नावापुढे तिने नुसती खूण करायची, बाकी काही नाही. आणि प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती थांबता ते पण तिला बघायला सांगा. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासकांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या टेप ऐकून हे मोजलं होतं, तर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबायचे, आणि ज्यांना ते हुशार समजत त्यांच्यासाठी जास्त थांबायचे, 'कच्च्या' मुलांसाठी कमी. तीन सेकंद थांबायला लागल्यावर उत्तरं लांब व्हायला लागली, 'येत नाही' म्हणणं कमी झालं, जास्त मुलं बोलायला लागली. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाही, वर्गासमोर उभं राहून थांबून बघा म्हणजे कळेल किती जड जातं ते. त्यानंतर आधी जोडीत बोला मग सगळ्यांत सांगा, किंवा आधी वहीत लिहा मग बोला, असं आलटून पालटून करत जा. जी मुलं खाली बघतात त्यातली काही तेवढ्यावर बोलायला लागतील, काहींना आणखी वेळ लागेल.

प्रश्न: मी ज्या मुलांना शिकवते त्यांच्या समाजातली मी नाही, त्यांची भाषा मला तोडकीमोडकीच येते. त्यांच्याबद्दल काही बोलायला गेले की आपण आगाऊपणा करतोय असं वाटतं. माझ्यासारखीने हे करावं का? – एक वर्गशिक्षिका

उत्तर: करावं. ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांचं नाव या विषयात पहिल्यांदा घेतलं जातं, त्यांनी आफ्रिकन अमेरिकन मुलांना उत्तम शिकवणाऱ्या आठ शिक्षिकांचा अभ्यास केला होता, निवडताना पालकांनाही विचारलं होतं आणि मुख्याध्यापकांनाही. त्या आठपैकी पाच कृष्णवर्णीय होत्या आणि तीन गोऱ्या. म्हणजे एकाच समाजाचं असणं ही अट नव्हती. आणि एकाच समाजाचं असलं म्हणजे सगळं आपोआप जमतं असंही नाही. १९७० साली रे रिस्ट या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या एका बालवर्गाचं निरीक्षण छापलं, शिक्षिका आणि मुलं दोघंही कृष्णवर्णीय, तरी बाईंनी आठव्या दिवशीच मुलांना तीन टेबलांवर वाटून टाकलं, कुठलीही परीक्षा न घेता. चांगल्या कपड्यातली, नीटनेटकं बोलणारी मुलं पुढच्या टेबलावर. त्यानंतर बाईंचं लक्ष पण त्या टेबलाकडेच आणि दुसरीपर्यंत साधारण तीच वाटणी टिकून राहिली.

तुम्हाला आगाऊपणा वाटतो तो बहुतेक 'त्यांच्याबद्दल बोलायला' गेल्यामुळे. बोलू नका, विचारा. अमेरिकेतल्या टुसॉन शहरात लुईस मोल हे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली जे काम मांडलं त्यात शिक्षक मुलांच्या घरी गेले ते तक्रार घेऊन नाही आणि सल्ला द्यायला तर नाहीच, शिकायला गेले. या घराला काय काय येतं? बांधकाम येतं, शेती येते, औषधं येतात, हिशोब येतात, गाड्या दुरुस्त करता येतात. एका शिक्षिकेला कळलं की तिच्या वर्गातला एक मुलगा मेक्सिकोहून आणलेली मिठाई विकतो, त्यावरून तिने मिठाईवर एक आख्खं युनिट उभं केलं, त्यात गणित आलं, विज्ञान आलं आणि एक आई स्वतः वर्गात येऊन मिठाई करून दाखवून गेली. आपल्याकडे घरी जाणं म्हणजे मूल नापास होणार किंवा मारामारी झाली, एवढंच पालकांना वाटतं, त्यामुळे पहिल्यांदा दार जरा बिचकतच उघडलं जाईल. तिथे वही-पेन काढून मुलाखत घ्यायला बसू नका, आणि घरात पडलेल्या पसाऱ्याकडे तर बघूच नका.

आणि एक, थोडं कडक बोलते. घरी जाऊन आल्यावर 'ही लोकं अशीच असतात' असं वाक्य डोक्यात यायला लागलं तर सावध व्हा. एकाच वस्तीतली दोन घरं वेगळी असतात, एकाच घरातली दोन भावंडं वेगळी असतात. आपण मुलाला ओळखायला गेलो होतो, त्याच्यावर लेबल चिकटवायला नाही.

प्रश्न: मी सगळ्या मुलांना सारखंच वागवतो, जात-धर्म-भाषा काही बघत नाही. मग मला हे वेगळं कशाला शिकायचं? – निवृत्तीला आलेले एक सर

उत्तर: सर, तुमचा हेतू चांगला आहे यात शंका नाही. पण वरच्या पहिल्या उत्तरातला नकाशा आणि खुणांचा प्रयोग एकदा करून बघाच. खुणा सगळीकडे सारख्या पडल्या तर मला जरूर कळवा, मी पुढच्या अंकात छापीन.

प्रश्न: म्हणजे आता मुलं घरी बोलतात तशीच शाळेत बोलू द्यायची, शुद्धलेखन-व्याकरण सोडून द्यायचं? पुढे परीक्षेत आणि नोकरीच्या मुलाखतीला त्यांना कोण विचारणार? आमच्या स्टाफरूममध्ये यावर रोज वाद आहे. – भाषेचे एक शिक्षक

उत्तर: तुमची काळजी रास्त आहे, आणि या विषयातल्या मोठ्या लोकांनी पण तीच बोलून दाखवलीय. लिसा डेल्पिट या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८८ मध्ये एक गाजलेला लेख लिहिला, त्यात त्यांचं म्हणणं असं की ज्यांच्या हातात सत्ता असते त्यांच्या बोलण्या-लिहिण्याचे काही नियम असतात, त्यांच्या मुलांना ते घरातच मिळतात, बाकीच्यांना कोणी उघडपणे शिकवलेच नाहीत तर ती मुलं बाहेरच राहतात. म्हणजे मुलांवर प्रेम म्हणून व्याकरण सोडून दिलं तर नुकसान त्याच मुलांचं. प्रमाण भाषा शिकवा, अगदी कसून शिकवा, पण हे नियम आहेत आणि इथे इथे लागतात असं सांगून शिकवा, तुझ्या आईची भाषा घाणेरडी आहे असं सुचवून नको. मुलाने वाक्य बोललं की मधेच तोडून उच्चार सुधारणं बंद करा, आधी तो काय म्हणतोय ते ऐका, लिखाणाच्या दुसऱ्या खर्ड्याला सुधारणा घ्या. एकच प्रसंग घरी कसा सांगशील आणि अर्जात कसा लिहिशील हे दोन्ही शेजारी शेजारी फळ्यावर आलं की मुलं स्वतःच फरक काढतात, कधी कधी आपल्यापेक्षा बारीक काढतात.

लॅडसन-बिलिंग्ज यांनी १९९५ मध्ये तीन गोष्टी मांडल्या होत्या: मुलं खरोखर शिकली पाहिजेत, ती आपल्या संस्कृतीत पाय रोवून राहिली पाहिजेत, आणि आजूबाजूला जे चुकीचं चाललंय त्यावर प्रश्न विचारता आले पाहिजेत. पहिली गोष्ट पहिलीच आहे. गोड बोलून सोपे प्रश्न देणारे शिक्षक मी बरेच पाहिलेत, 'बिचारी, यांना कुठे झेपणार' म्हणत. मुलांना ते बरोबर कळतं. आणि तिसरी गोष्ट म्हणाल तर ती ट्रेनिंगमधून गुपचूप गाळलीच जाते, कारण मुलं प्रश्न विचारायला लागली की पहिला प्रश्न शाळेलाच विचारतात.

प्रश्न: भाषा, इतिहास ठीक आहे हो. गणितात कसली आली संस्कृती? उदाहरणातली नावं बदलायची का? – गणिताच्या एक बाई

उत्तर: नावं बदलून काही होत नाही, गणित तेच राहतं आणि मुलांना हसू येतं. ब्राझीलमध्ये रेसिफे शहरात कॅराहर मंडळी आणि श्लीमान या अभ्यासकांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, १९८५ साली छापला. मुलं पाचच, वय ९ ते १५, त्यामुळे फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, पण वाचून झोप उडते. विक्री करताना विचारलेले हिशोब ९८ टक्के बरोबर. नंतर तसलीच गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत दिली तर ३७ टक्के. १२ वर्षांच्या एका मुलाला दहा नारळांची किंमत विचारली, एक नारळ ३५ ला. आपण म्हणणार, दहाने गुणायचं तर पुढे शून्य दे. तो म्हणाला तिनाचे १०५, आणखी तीन म्हणजे २१०, अजून चार हवेत, मग ३१५ आणि शेवटी ३५०. तिनाचा भाव त्याला तोंडपाठ असणार, कारण गिऱ्हाईक तीन तीन घेत असतील. आता हे चुकीचं आहे का? तो दहाचे तुकडे करून गुणतोय आणि बेरीज करतोय, आपण पुढे वितरणाचा नियम म्हणून जो शिकवतो तोच.

म्हणून गणितात सुरुवात 'कसं काढलंस?' या प्रश्नापासून करा, उत्तर बरोबर आलेलं असलं तरी विचारा, फक्त चुकलं की विचारलं तर मुलं ओळखतात आणि खोडून टाकतात. तोंडी रीत फळ्यावर लिहा, शेजारी पुस्तकातली रीत लिहा, कुठे जुळतंय ते मुलांना शोधू द्या. पोर्शन मागे पडेल, पहिले काही आठवडे नक्की पडेल, हे आत्ताच सांगून ठेवते.

प्रश्न: मी गेल्या वर्षापासून हे सगळं करायचा प्रयत्न करतेय. कधी वाटतं जमलं, दुसऱ्या दिवशी परत तीच मी, परत तेच ओरडणं. सहकारी म्हणतात, 'झालं का तुमचं नवीन फॅड?' किती दिवस लागतात हे अंगवळणी पडायला? – एक तरुण शिक्षिका

उत्तर: दिवस सांगणारा कोणी भेटला तर तो काहीतरी विकतोय असं समजा. ज्या शिक्षकांना मी जवळून बघितलंय त्यांचं सरळ चढत गेलेलं नाही, बहुतेकांची सुरुवात तुमच्यासारख्याच उत्साहात होते, मग एक काळ येतो की आपण आधी काय काय केलं ते आठवून रात्री झोप लागत नाही, काही जण तिथेच अडकतात, सारखं स्वतःला दोष देत बसतात, आणि त्याचा मुलांना काडीचा उपयोग नसतो. जे पुढे गेले ते एका मुलाकडे लक्ष देत गेले. एकच मूल निवडायचं, जे आपल्याला सगळ्यात कमी कळतं ते, आणि महिनाभर त्याच्याबद्दल रोज एक ओळ लिहायची: आज काय बोललं, कोणाशी, कशावर हसलं, कुठे गप्प झालं. मत लिहायचं नाही, 'आळशी', 'उद्धट' असं काही लिहिलं तर ते खोडून त्या वेळी नेमकं काय घडलं ते लिहायचं.

ओरडणं परत येतं ते बहुतेक दमल्यावर, शेवटच्या तासाला. त्या तासाला नवीन काही करून बघू नका, प्रयोग सकाळच्या तासाला ठेवा. सहकाऱ्यांना पटवायला जाऊ नका. वर ज्या खुणा करणाऱ्या सहशिक्षिकेबद्दल लिहिलंय ना, तशी एक शोधा, ती तुमच्या वर्गात बसेल, मग तुम्ही तिच्या, आणि मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा की ही तपासणी नाही, नाहीतर ते त्याचा फॉर्म करतील.