14 कामांची यादी आणि बर्फातले 7 दिवस

अगं,

तुम्ही दोघी हिवाळ्यात केबिनवर जाणार, तिथे करायच्या कामांची तुझी यादी नीट वाचली, दोनदा वाचली. 14 कामं, 7 दिवस, म्हणजे दिवसाला 2, हा हिशोब कागदावर बरोबरच आहे. फक्त त्यात नुसतं ऊबेत राहायला किती वेळ जातो ते धरलेलंच नाहीस. हिवाळ्यात डोंगरातल्या केबिनमध्ये अर्धा दिवस तर त्यातच जातो बघ, सरपण आत आणा, शेगडी विझू देऊ नका, राख काढा, बर्फ वितळवून पाणी करा, दारातला बर्फ उपसा, ओले हातमोजे वाळत घाला, आणि हे सगळं उरकून बाहेर बघावं तर उजेड उतरायला लागलेला. म्हणून मी तुझ्या यादीतली 10 कामं पेन्सिलीने खोडलीयत. रागावू नकोस, खोडरबर तुझ्याकडेच आहे.

इथे उबदार खोलीत बसून मी उंटावरून शेळ्या हाकतोय असं तुला वाटेल, पण पहिल्या वर्षी मी पण असाच लांबलचक कागद खिशात घालून गेलो होतो. दुसऱ्या दिवशी खिडकीच्या झडपेचं बिजागर बसवत बसलो, एक स्क्रू काही केल्या धरेना, हट्टाला पेटलो. स्क्रू धरला तेव्हा अंधार पडला होता, शेगडी विझली होती, आतलं लाकूड संपलं होतं आणि बाहेरची रास बर्फाखाली. टॉर्च दातात धरून तासभर उकरत होतो. झडप मात्र छान बसली!

तर पहिला दिवस कामाचा धरूच नकोस. उजेडात पोचा, धुराडं साफ करा आणि शेगडी पेटवा, एवढंच. केबिन आतपर्यंत गारठलेली असते, हवा तासाभरात तापते आणि वाटतं झालं, पण भिंती, जमीन, गाद्या, भांडी सगळी ऊब ओढत बसलेली असतात, ती मुरायला पूर्ण एक दिवस-रात्र जाते. शेगडी पेटवायच्या आधी बाहेरून धुराड्याकडे बघ, तोंडावर बर्फाची टोपी नाही ना, कुणी घरटं केलं नाही ना. नळी गार असते तेव्हा तिच्यात थंड जड हवा बसून राहते आणि पहिला सगळा धूर खोलीत येतो, तेव्हा कागदाचा एक बोळा पेटवून नळीच्या तोंडाशी धर, वर ओढ सुरू झाली की मग रचलेलं पेटव. रचताना मोठी लाकडं खाली, बारीक वर आणि काटक्या सगळ्यात वर, पेटवायचं वरून. उलटं वाटतं, मला पण वाटलं होतं. पण वरची आग हळूहळू खाली उतरते, खालून निघणारा धूर ज्वाळेतूनच जातो आणि बराचसा तिथेच जळतो.

आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. नवीन बॅटरी घाल, बटण दाबून बघ, मगच शेगडी पेटव. या वायूला ना वास ना रंग. दोघींचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर थकवा असेल म्हणून झोपायचं नाही, आधी बाहेर पडायचं. जनरेटर ओसरीवर सुद्धा नको, केबिनपासून 6 मीटर तरी लांब आणि धूर दारखिडक्यांकडे येणार नाही असा.

आता सरपण. यावर मी जरा बोलणार आहे कारण तुझ्या यादीत "लाकूड फोडणे" हे काम 1 नंबरला आहे, आणि ते या आठवड्यासाठी आहे असं तू धरून चाललीयस. ते पुढच्या हिवाळ्यासाठी आहे. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळपास निम्मं वजन पाण्याचं असू शकतं, नीट जळायला ते 20 टक्क्यांच्या खाली यावं लागतं, आणि त्याला मऊ लाकूड असेल तर 6 महिने ते वर्ष, टणक असेल तर वर्ष-दोन वर्षं लागतात, ते सुद्धा फोडून रचलेलं असेल तर. अख्खा ओंडका सालीसकट वर्षानुवर्षं ओला राहतो. ओलं लाकूड शेगडीत घातलंस की आधी ते स्वतःचं पाणी उकळत बसतं, तुला ऊब मिळत नाही आणि धूर मात्र भरपूर. वाळलेलं कसं ओळखायचं? टोकाला चिरा पडलेल्या असतात, साल सुटते, हातात हलकं लागतं, आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की टणत्कार येतो. ओल्यांचा आवाज नुसता धप्प.

पण फोडायला हिवाळ्यासारखा दुसरा काळ नाही! आतलं पाणी गोठलेलं असतं, लाकूड कडक झालेलं असतं आणि उन्हाळ्यात दहा घाव खाणारा ओंडका एका घावात उघडतो. फोडायला जड डोक्याची, पाचरीसारखी जाड कुऱ्हाड लागते, धारदार पातळ कुऱ्हाड फांद्या छाटायला, तिने ओंडका फोडायला गेलीस की ती नुसती रुतून बसते. खालचा ठोकळा गुडघ्याएवढ्या उंचीचा असू दे, त्यावर जुना टायर ठेव आणि ओंडका टायरमध्ये उभा कर, ढलप्या उडून बर्फात हरवत नाहीत आणि दर घावानंतर वाकायला लागत नाही. माझी कंबर त्या टायरवर टिकून आहे. फार कडाका असेल त्या दिवशी कुऱ्हाड आधी थोडा वेळ आत ठेव, थंडीत पोलाद ठिसूळ होतं, गाठीवर घाव बसला तर धारेचा टवका उडू शकतो. रचताना खाली दोन आडव्या दांड्या, जमिनीला टेकू द्यायचं नाही, वरून झाकायचं पण बाजू उघड्या. सगळीकडून ताडपत्री गुंडाळून ठेवणारे लोक लाकूड वाळवत नाहीत, कुजवतात.

घामाचं मात्र बघ. फोडताना अंग तापतं, घाम येतो आणि थांबलीस की तोच घाम हाडं गोठवतो. सुरू करतानाच जरा थंडी वाजेल इतकेच कपडे ठेव, आणि आतला थर सुती नको.

यादीतलं "वाकलेलं झाड कापणे" मी दोनदा खोडलंय. वाकलेल्या झाडाच्या बुंध्यात ताण साठलेला असतो, अर्धं कापलं की बुंधा उभा चिरून मागे उसळू शकतो. ते शिकलेल्या माणसाचं काम, बर्फात पाय घसरत असताना तुम्ही दोघींनी करायचं नाही.

धुराडं साफ करणं मी ठेवलंय, उलट वर नेलंय. ओल्या लाकडाचा किंवा हवा कोंडून धुमसत ठेवलेल्या आगीचा धूर गार नळीत चिकटतो, त्याचं डांबरासारखं क्रिओसोट होतं, आणि थर 6 मिलिमीटरच्या आसपास गेला की तो पेटू शकतो. आत पेटलेलं धुराडं 1000 अंशांच्या वर जातं. रात्रभर टिकावी म्हणून हवा पार बंद करून झोपायची सवय लागते सगळ्यांना, मला पण होती. त्यापेक्षा रात्री एकदा उठ. ब्रश नळीच्या मापाचा हवा, शेगडी पूर्ण गार हवी, म्हणजे हे काम पोचलीस त्याच दुपारी, पेटवायच्या आधी. छपरावर बर्फ असेल तर वर चढू नकोस, खालून ब्रश घालता येतो. राख धातूच्या बादलीत, झाकण घट्ट, बादली बाहेर मोकळ्यावर. ओसरीच्या फळ्यांवर नको, कारण राखेतले निखारे चांगले तीन-चार दिवस जिवंत राहतात.

पाण्यासाठी बर्फ वितळवणार असशील तर भांड्यात तळाला थोडं पाणी आधी घाल, नुसता बर्फ ठेवला तर तळ करपतो आणि पाण्याला जळका वास येतो. भुसभुशीत ताज्या बर्फाच्या दहा बादल्या म्हणजे साधारण एक बादली पाणी. आणि सरपण किती जातं विचारू नकोस, शून्य अंशाच्या बर्फाचं नुसतं पाणी व्हायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात तेच पाणी पुढे 80 अंशांपर्यंत तापलं असतं. झरा वाहता असेल तर चालत जा, परवडतं. प्यायचं पाणी बर्फाचं असो की झऱ्याचं, उकळूनच.

छप्पर. ताजा बर्फ फुटभर पडला तर चौरस मीटरला 15 ते 30 किलो, काळजी नको. तोच बसलेला, वर पाऊस प्यालेला असेल तर तेवढ्याच जाडीला 100 किलोच्या आसपास जातो. जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या फावड्याने ओढायचा, दोन्ही बाजूंनी थोडा थोडा, एकच बाजू साफ केली तर भार एकीकडे पडतो. वळचणीला बर्फाच्या सुळ्या लटकल्या की लोक कौतुकाने फोटो काढतात, मी माळ्यावर जाऊन बघतो ऊब कुठून निसटतेय. आतली ऊब वर जाते, छपरावरचा बर्फ वितळतो, पाणी गार कडेला येऊन परत गोठतं आणि मागचं पाणी अडून घरात शिरतं. कडेचा बर्फ फोडत बसू नकोस, छत फोडशील.

उंदीर असणारच. लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, धूळ नाकात जाते, त्यातून आजार होतात. हातमोजे, ब्लीचचं पाणी शिंपडून 5 मिनिटं भिजू दे, मग पुसून घे. भोकं स्टीलच्या तारेच्या घासणीने बुजव, 6 मिलिमीटरचं भोक त्यांना पुरतं.

मग उरतात दोन-तीन दुपारी, त्यात एकच मोठं काम. मी शेल्फ ठेवलाय, दरवाजा खोडलाय. हिवाळ्यात शेगडीमुळे आतली हवा कोरडी होते, लाकूड आकसतं, आत्ता दरवाजा चौकटीत मस्त बसेल असा केलास तर दमट दिवसांत तो फुगून अडकेल. दरवाजाला रंधा मारायचा तो अडकलेला असताना. शेल्फच्या फळ्या मात्र आल्या आल्या आत आणून ठेव, बाहेरच्या गार लाकडावर पांढरा डिंक लावला तर तो धरत नाही, खडूसारखा भुगा होतो. डिंक पण आत ठेव, गोठला की गेला. आणि सोलरची बॅटरी लिथियमची असेल तर ती शून्य अंशाच्या खाली गार असताना चार्ज करू नकोस, कायमची बिघडते.

शेवटचा दिवस पण कामाचा नाही, आधीच सांगतो. पाण्याचा मेन कॉक बंद, सगळे नळ उघडे, पाईप खालून रिकामे. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं आणि कोपऱ्यात राहिलेलं वाटीभर पाणी सुद्धा पाईप फोडायला पुरतं. सिंकखालच्या वाकड्या नळीत पाईपांसाठीचं बिनविषारी अँटिफ्रीझ ओत, गाडीतलं नको, ते विषारी असतं. हे सगळं निवांत करायला अर्धा दिवस जातो, घाईत एक नळ हमखास राहतो.

हां, सामानात एकच फावडं दिसलं. दोन घे. एक रात्री आत ठेवायचं, कारण दार बाहेर उघडणारं आहे, रात्रीत बर्फ साठला तर दार सरकत नाही, खिडकीतून उडी मारून आधी दारच मोकळं करावं लागतं. दुसरं निघताना बाहेर वळचणीखाली खिळ्याला, उंचावर टांगून यायचं. मी एकदा फावडं शहाण्यासारखं आत ठेवून कुलूप लावून आलो होतो, आणि पुढच्या खेपेला कमरेएवढा बर्फ डब्याच्या झाकणाने उपसला.