न्यूट्रिशनमध्ये बीएस्सी झालंय. रत्नागिरी-सिंधुदुर्ग न सोडता स्वयंपाकाच्या क्षेत्रात काम मिळेल का?

मिळेल, पण हॉटेलच्या किचनपेक्षा आधी फळप्रक्रिया करणाऱ्या युनिटांकडे विचारा. मी कुडाळकडे अशाच एका ठिकाणी रेसिपी आणि लेबलं बघते. पाकिटावर ऊर्जा, प्रथिनं, एकूण साखर, वरून घातलेली साखर, सोडियम हे सगळं छापावं लागतं आणि छोट्या उद्योजकांची गाडी नेमकी तिथेच अडते. कोकमाचं आगळच घ्या. साखर नको म्हणून लोक सरबताऐवजी आगळ नेतात, पण ते मिठात मुरवलेलं. बीपीवाल्याला हे कोणी सांगायचं? तुम्हीच. नाचणीत 100 ग्रॅममागे साधारण 350 मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, त्यामुळे सत्त्व, लाडू, बिस्किटं यांतही नवीन करायला भरपूर वाव आहे.

याशिवाय:
- पथ्याचे डबे (एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी आधी करा)
- हॉस्पिटल किंवा वसतिगृहाचं किचन
- होमस्टेंचे मेनू. हे मात्र बहुतेक सीझनपुरतंच

एक अडचण आहे: पदवीत शंभर माणसांचा भात लावायला शिकवत नाहीत. म्हणून स्वतःचं काही काढण्याआधी सहा महिने एखाद्या खानावळीत किंवा कँटीनमध्ये हात काळे करा.