सापसुरळी : पालीची जात की सापाची मावशी?

ठाण्याच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलं आहे : येऊरला पाचोळ्यात तेल चोपडल्यासारखा चकाकणारा, लाल शेपटीचा प्राणी दिसला. बरोबरचे म्हणाले, 'सापाची मावशी'. मी भित्तिपत्रकावर 'सापसुरळी : पालीची एक जात' असं लिहिलंय. चालेल ना?

'सापसुरळी' अगदी बरोबर. 'पालीची एक जात' मात्र कृपया खोडा. आपण बोलताना 'जात' सैलपणे वापरतो, पण प्राण्याबद्दल लिहिलं की वाचणारी मुलं 'पालीच्याच घराण्यातली' असा अर्थ घेतात, आणि तसं ते नाही.

पूर्वी पाल, सरडे, साप या प्राण्यांची वंशावळ हाडं, जीभ, खवले पाहून मांडत. त्यात सरड्यांची शाखा सगळ्यांत आधी वेगळी झालेली आणि पाल, सापसुरळी, साप दुसऱ्या बाजूला. पण अंगकाठी फसवते : आखूड पाय, लांबट धड, पुढे पायच नाहीसे होणं, हे या प्राण्यांत अनेकदा स्वतंत्रपणे घडलं आहे. म्हणून जनुकं पाहू लागले. २००५ मध्ये निकोलस विदाल आणि ब्लेअर हेजेस या संशोधकांनी नऊ जनुकांवरून जी वंशावळ काढली, तिच्यात पालीची फांदी फार आधी फुटते, मग सापसुरळीची. आणि सरडा, घोरपड, साप हे तिघे पुढे एकाच मोठ्या फांदीवर येतात. २०१३ मध्ये ४,१६१ प्रजातींवरून मांडलेल्या वंशावळीतही हाच क्रम आला. हाडांवर भर देणारे काही अभ्यासक अजून हे मानत नाहीत, पण मला जनुकांची बाजू जास्त पटते.

म्हणजे सापसुरळी पालीपेक्षा सापाला जवळची! तुमच्या सोबत्यांची 'मावशी' तेवढ्यापुरती खरी. सख्खी मात्र नव्हे. तो मान सरड्याकडे किंवा घोरपडीकडे जाईल. हे नातं मला फार आवडतं, कारण दिसण्यावरून ते कुणीच जुळवलं नसतं.

'सरड्याची जात' असंही लिहू नका. 'सापसुरळी : सरपटणारा प्राणी, पाल आणि सरडा यांहून वेगळ्या कुळातला' एवढं पुरे. खाली 'बिनविषारी' हे ठळक लिहा. साप समजून तिला उगाच मारतात. आणि अशी लाल शेपटी बहुतेक पिल्लांची असते, वाढत्या वयात तो रंग फिका पडतो, हेही मुलांना सांगा, नाहीतर मोठी सापसुरळी दिसली की ती ओळखणार नाहीत.