घरच्या व्हिडिओत टाकायला फोटो किती रेझोल्युशनचे असावेत?

तुमचा प्रश्न असा की आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत, हॉलमध्ये दाखवायला दीडेकशे फोटोंचा व्हिडिओ करताय, फोनमधले फोटो ५० मेगापिक्सेलचे आहेत, जुने अल्बम स्कॅन करायचेत, दुकानदार विचारतोय ३०० का ६०० का १२०० डीपीआय, आणि लॅपटॉपने आत्ताच मान टाकलीय. मी काही व्यावसायिक एडिटर नाही, पण बाबांची एकसष्टी, मामेबहिणीचं लग्न आणि आजीचं सहस्रचंद्रदर्शन असे तीन व्हिडिओ केलेत आणि तिन्ही वेळा वेगवेगळी माती खाल्लीय, त्या जोरावर सांगतो.

आधी डीपीआय हा शब्द डोक्यातून काढा. डीपीआय म्हणजे कागदाच्या एका इंचात किती ठिपके, व्हिडिओला कागदच नाही तर इंच कुठून आणणार? फोटोशॉपमध्ये ७२ चे नुसते ३०० करून सेव्ह केलं म्हणजे फोटो सुधारला असं मला वाटायचं, एक अख्खा रविवार त्यात घालवलाय. एडिटरला, म्हणजे व्हिडिओ जोडायच्या सॉफ्टवेअरला, फक्त आडवे किती पिक्सेल (फोटोतले रंगाचे ठिपके) आणि उभे किती, एवढंच कळतं. स्कॅन करताना मात्र डीपीआय लागतो कारण तिथे खरा कागद असतो, त्याचं खाली सांगतो.

आता पिक्सेल किती हवेत. फुल एचडी व्हिडिओची फ्रेम १९२० बाय १०८०, म्हणजे साधारण २० लाख ७४ हजार पिक्सेल, बास. तुमच्या फोनचा फोटो ५० मेगापिक्सेलचा, म्हणजे ५ कोटी पिक्सेलचा, म्हणजे चोवीसपट माल तुम्ही दारातून आत ढकलताय आणि पडद्यावर दिसणार त्यातला एक हिस्सा. फाइल १०-१२ एमबीची दिसते म्हणून आपल्याला वाटतं त्यात काय, पण एडिटर ती उघडतो तेव्हा प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तरी एका फोटोला २०० एमबी रॅम, आणि एक फोटो विरघळून दुसरा येतो तेव्हा दोन्ही एकदम उघडे, म्हणजे ४००. माझा तेव्हाचा लॅपटॉप ४ जीबी रॅमचा होता, एकसष्टीच्या आदल्या रात्री दीड वाजता एक्स्पोर्ट (शेवटची व्हिडिओ फाइल बनवणं) ८३ टक्क्यांवर जाऊन बंद पडला, तीनदा, आणि तिन्ही वेळा ८३ वरच.

मग दुसऱ्या वेळी शहाणपणा म्हणून सगळे फोटो सरसकट १९२० वर आणून ठेवले. लॅपटॉप पळायला लागला पण फोटो हळूहळू जवळ येतो ना, तो झूम दिला की चेहरे पुसट. साधं गणित आहे, झूम जितका पट तितके पट पिक्सेल जास्त हवेत. दीडपट झूम करणार असाल तर १९२० गुणिले दीड म्हणजे २८८०. म्हणून मी आता फुल एचडीसाठी सगळ्या फोटोंची लांब बाजू २८८० करतो आणि विसरून जातो. उभ्या फोटोलाही हे चालतं, ४:३ चा फोटो उभा असला तर त्याची रुंदी २१६० येते, पडदाभर पसरवला तरी पुरते. फोर-केमध्ये, म्हणजे फुल एचडीच्या दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच फ्रेममध्ये, करायचा हट्ट असेल तर सगळं दुप्पट धरा, पण करू नका, का ते सांगतो.

हॉलमध्ये एलईडी वॉल असेल तर त्यावर पी३, पी४ असं काहीतरी असतं, म्हणजे दोन पिक्सेलमध्ये ३ किंवा ४ मिलिमीटर अंतर. १२ फूट रुंद पी३ वॉल म्हणजे ३६५७ भागिले ३, आडवे जेमतेम बाराशे पिक्सेल! फुल एचडीसुद्धा नाही. भाड्याचे प्रोजेक्टरही बरेचदा १०२४ बाय ७६८ चे असतात. तिथे फोर-के घेऊन जाणं म्हणजे वाटीभर आमटीला पिंप आणण्यासारखं आहे. डेकोरेटरला फोन करून विचारा, तो सांगतो.

सगळ्यांना २८८० असं म्हटलं तरी एखाद्या फोटोला माफी द्यावी लागते. आमच्याकडे वाड्यासमोरचा ४० जणांचा फोटो होता, त्यात अख्ख्या घोळक्यापासून सुरू करून आजीच्या चेहऱ्यापर्यंत जायचं होतं. हा चौपट झूम, म्हणजे सात हजारांवर पिक्सेल, तर तो एकच फोटो मोठाच्या मोठा ठेवला, बाकीच्यांची कात्री चालू.

फोटो लहान करायला इरफानव्ह्यू हे विंडोजवरचं फोटोंचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे, त्यात बी दाबलं की बॅचची, म्हणजे अनेक फोटो एकदम बदलायची खिडकी उघडते, लांब बाजू २८८०, लहान फोटो मोठे करू नका ही खूण, जेपीजी क्वालिटी ९० च्या वर. मूळ फोटोंना हात न लावता वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि एकदाच, कारण जेपीजी पुन्हा पुन्हा सेव्ह केला की दरवेळी थोडा झिजतो.

मोठा फोटो तसाच ठेवण्याचा अजून एक तोटा मला तिसऱ्या व्हिडिओत कळला. आजीच्या पैठणीचे काठ! फोटोत स्थिर असताना झकास, पण व्हिडिओत फोटो हळू सरकायला लागला की जरीचं काम नुसतं वळवळत होतं, मुंग्या फिरल्यासारखं, मला वाटलं केबल खराब. बारीक बारीक रेघा कमी पिक्सेलमध्ये कोंबल्या की असं होतं. तो फोटो आधीच लहान केला आणि किंचित ब्लर दिला तर शांत झाला. जाळीच्या खिडक्या, चेक्सचे शर्ट, विटांच्या भिंती, सगळ्यांचं हेच.

प्रीमियर या अडोबीच्या एडिटरमध्ये करत असाल तर मी वापरतो त्या आवृत्तीत फोटो फ्रेममध्ये बसवायला स्केल टू फ्रेम साइज आणि सेट टू फ्रेम साइज असे दोन जुळे भाऊ आहेत. पहिला जास्तीचे पिक्सेल टाकूनच देतो, मग झूम केलं की पुसट. दुसरा घ्या.

व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंचं काही करता येत नाही, साध्या पद्धतीने पाठवले की लांब बाजू साधारण १६०० वर येते. काकाला फोन करून 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' असं समजवायची तयारी असेल तर उत्तम, नाहीतर मागे त्याच फोटोचा ब्लर लावून मध्ये थोडा लहान दाखवा, झूम शून्य. उभ्या फोटोंनाही हीच युक्ती. ते ताणून पडदा भरायला जाऊ नका, कपाळ तरी जातं नाहीतर पाय तरी.

स्कॅनचं म्हणाल तर ४ बाय ६ इंची फोटो ३०० ला १८०० बाय १२०० येतो, म्हणजे पडद्याची रुंदीसुद्धा भरत नाही. ६०० ला ३६०० बाय २४००, तर दुकानदाराला ६०० सांगा. पासपोर्ट साइजला १२००, भिंतीवरच्या ८ बाय १० फोटोला ३०० पुष्कळ. तो सगळंच १२०० ला करूया म्हणाला तर नको म्हणा. पूर्वी तो खडबडीत जाळीदार कागद यायचा ना फोटोंना, स्कॅनरच्या उजेडात त्याचे उंचवटे चमकतात आणि जास्त डीपीआयला माणसाच्या आधी ती जाळीच दिसते.

आणि चिकट पानांचे, वर प्लास्टिकवाले अल्बम असतील तर फोटो ओढून काढू नका, प्लास्टिक हळूच उचलून अख्खं पान स्कॅनरवर उपडं ठेवा. माझ्या मुंजीतला मातृभोजनाचा फोटो मी असाच ओढला होता, आईचा हात फोटोबरोबर आला आणि घास पानालाच चिकटून राहिला.