नवीन काही करायचं म्हटलं की मी आयत्या वेळी मागे सरतो. मला नक्की भीती कशाची आहे, हे कसं ओळखावं?

तुम्ही लिहिलंय की गिटारच्या क्लासची फी दोनदा भरलीत आणि दोन्ही वेळा पहिल्या दिवशीच गेला नाहीत. पुढे म्हणता, ‘भीती वगैरे नाही, वेळच जमत नाही.’ हे वाक्य मी स्वतः सात वर्षं म्हटलंय, म्हणून उत्तर लिहायला बसले.

मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. लायसन्स होतं, गाडी होती, पण चालवत नव्हते. कारणं खोटी नव्हती: घोडबंदरचं ट्रॅफिक, मेट्रोचं काम, स्टेशनजवळ पार्किंगची मारामार. ऐकणाऱ्याला लगेच पटायची. मग एका रविवारी पहाटे नवरा म्हणाला, “चल, रस्ता मोकळा आहे. उपवन तलावापर्यंत जाऊन येऊ, मी शेजारी बसतो.” माझ्या तोंडून निघालं, “आज नको, दूध यायचंय.” आमचा दूधवाला रोज दाराच्या पिशवीत दूध ठेवून जातो. कुणी घरी असावं लागत नाही. स्वतःचं ते वाक्य ऐकून मीच थबकले.

पहिली खूण हीच. अडचण खरी असेल तर ती सुटल्यावर माणूस निघतो. भीती असेल तर एक कारण गेलं की दुसरं हजर होतं.

दुसरी खूण मला जास्त भरवशाची वाटते. बेत रद्द झाला की काय वाटतं ते बघा. नुसती नावड असेल तर काहीच वाटत नाही, विषय डोक्यातून जातो. भीती असेल तर आधी ‘हुश्श’ होतं आणि रात्री रुखरुख लागते. त्या ‘हुश्श’वरच भीती पोसली जाते, कारण टाळलं की बरं वाटतं एवढंच मेंदू शिकतो. प्रत्यक्षात काहीही वाईट न घडता ती दर खेपेला थोडी वाढते.

पण कशाची भीती? मला वाटायचं, अपघाताची. डोळे मिटून नेमकं काय दिसतं ते कागदावर लिहिलं, तर त्यात अपघात नव्हताच. माजिवड्याच्या पुलाच्या चढावर गाडी बंद पडलीय, मागून हॉर्न वाजताहेत आणि बाजूचा रिक्षावाला वळून बघतोय, असं दिसत होतं. ‘मग काय होईल?’ असं विचारत गेले. लोक हसतील. मग? हिला काही येत नाही म्हणतील. तिथे पोचल्यावर डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे मूळ तिथे होतं.

ही विचारत जायची रीत विवेकनिष्ठ मानसोपचारात, म्हणजे भावनेमागचा विचार तपासणाऱ्या उपचारपद्धतीत, वापरतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ही उपचारपद्धती मांडली आणि कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. एलिस स्वतः मुलींशी बोलायला घाबरायचे. एकोणीस वर्षांचे असताना ते न्यूयॉर्कच्या एका बागेत महिनाभर रोज जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या १३० जणींशी बोलायला गेले. ३० जणी उठून गेल्या, १०० जणींशी गप्पा झाल्या. भेटायला यायचं एकीनेच कबूल केलं, तीही आली नाही. पण भीती गेली, कारण नकार १२९ वेळा पचवून झाला होता.

मीही मग चढावर गाडी बंद पडू नये याची काळजी सोडली आणि ती मुद्दाम बंद पाडली. आधी सोसायटीच्या आवारात, वॉचमन बघत असताना. कानशिलं तापली. हँडब्रेक ओढून दहा आकडे मोजले, पुन्हा स्टार्ट. मग गेटच्या चढावर, हाफ क्लच धरून. तीन रविवार एवढंच केलं. चौथ्या रविवारी उपवनला गेलो.

तुमची भीती कशाची, हे मी इथून सांगू शकत नाही. क्लासमधली बाकीची मुलं लहान असतील ही? की आवड एवढी वर्षं जपली आणि शेवटी बोटंच साथ देणार नाहीत ही? कागद घ्या आणि दिसेल ते चित्र लिहा. मात्र छातीत धडधड होऊन रोजची कामंही अडत असतील, तर एकट्याने झुंजू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि तिसऱ्यांदा फी भरण्याआधी एकदा नुसते क्लासच्या दारापर्यंत जाऊन या. गिटार घरीच राहू दे.